काच फुंकणाऱ्या मास्तरांची छाती

घरात सिगारेट ओढणारा माणूस एकच असेल, तर धुराचा वास कुणाच्या कपड्यांना येतोय हा प्रश्न कुणाला पडत नाही. मास्तरांच्या घरात तो एका रविवारी सकाळी पडला. दारामागच्या खुंटीवरचा लेकीचा कामाचा कोट मास्तरीणबाईंनी धुवायला काढला, आणि त्याच्या खिशातून सिगारेटचं पाकीट निघालं. पाकीट मास्तरांच्या ब्रँडचं नव्हतं. बाईंनी ते नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवलं आणि एक अक्षर न बोलता पुन्हा कपड्यांकडे वळल्या. इतक्या वर्षांच्या संसारात बोलून झाली नाहीत एवढी कामं त्यांनी न बोलून करून घेतली होती.

लेक अठ्ठावीस वर्षांची. केस पुसत बाहेर आली, पाकीट पाहिलं, आणि लपवाछपवी न करता समोरची खुर्ची ओढून बसली. मास्तरांनी चेहरा बापाचा केला. तब्येतीबद्दल बोलले, वयाबद्दल बोलले, हे व्यसन किती वाईट यावरही दोन वाक्यं बोलले. बोलताना त्यांची स्वतःची सिगारेट बशीच्या काठावर धुमसत होती, ती त्यांनी हळूच टेबलाखाली नेली.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पस्तीस वर्षं ओढताय. दिवसाला एक पाकीट. तुम्हाला काय झालंय?"

तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मास्तरांनी चहाचा कप उचलून तोंडाला लावला. उत्तर होतं, पण ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय लेकीच्या हातातली सिगारेट काही सुटणार नव्हती.

गेली दोन वर्षं मास्तरांना दुकानांचा नाद लागला होता, निदान मास्तरीणबाईंना तसं वाटत होतं. संध्याकाळी दोघं फिरायला निघाली की मास्तर दर शंभर पावलांवर एखाद्या दुकानाच्या काचेपुढे उभे राहत. चपलांचं दुकान, पडद्यांचं दुकान, एकदा तर लहान बाळांच्या दुपट्यांचं दुकान. "बघ, काय रंग आहे," एवढंच म्हणायचे, कारण त्याहून लांब वाक्य म्हणायला छातीत हवा नसायची. श्वास जागेवर आला की पुढे चालू लागायचे. सकाळचा खोकला होताच, पण तो सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला असतो अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. दमही वयामुळेच लागतो म्हणायचे. अठ्ठावन्न म्हणजे काही तरणंताठं वय नव्हे.

आणि या समजुतीला बळ देणारा एक भक्कम पुरावा त्यांच्याजवळ होता. तो त्यांच्या धंद्यातलाच होता.

मास्तर एका मोठ्या संशोधन संस्थेत काच फुंकायचं काम करत. रसायनं उकळायची, गाळायची, थंड करायची जी विचित्र आकाराची काचेची भांडी बाजारात मिळत नाहीत, ती तळमजल्यावरच्या त्यांच्या कार्यशाळेत जन्माला येत. बर्नरच्या निळ्या ज्योतीत नळी फिरवत धरायची, ती मधासारखी मऊ झाली की तोंडातल्या रबरी नळीतून हलकेच फुंकायचं, आणि बोटं न थांबवता तिचा गोल चंबू करायचा. नळीत नळी, त्या नळीभोवती तिसरी नळी, असली कामं मास्तर गप्पा मारत करायचे. परदेशातून आलेले शास्त्रज्ञसुद्धा त्यांच्या टेबलापाशी हात मागे बांधून, शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. खरंच, त्या माणसाचे हात बघत राहावे असे होते. लेक सहा वर्षांपासून शेजारच्या बर्नरवर काम करत होती आणि तिचा हातही हळूहळू तसाच होत चालला होता.

तर पुरावा हा, की मास्तर दिवसभर फुंकतात. संस्थेत हे सगळ्यांना पाठ होतं. मागच्या जिन्यावर धूर काढायला जमणारी तरुण मंडळी एकमेकांना सांगायची, "मास्तरांकडे बघ की! दिवसाला वीस ओढतात आणि एका दमात दोन लिटरचा चंबू फुगवतात." मास्तरही मग मिशीत हसून छाती ठोकायचे. ही छाती नाही, भाता आहे म्हणायचे. दमेकरी माणसाला काच फुंकता आली असती का, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. लेक हे घरीही रोज ऐकत मोठी झाली होती. तिच्या खिशात पाकीट आलं यात नवल ते काय.

रविवार तसाच गेला. बुधवारी कार्यशाळेत एक ठेंगणी, जाडजूड, चष्मेवाली बाई आली. छातीच्या आजारांच्या इस्पितळात ती श्वासाची तपासणी करायची. दिवसभर रोग्यांना "फुंका, फुंका, अजून फुंका" असं ओरडून सांगायची, म्हणून तिथे तिला सगळे फुंकाबाई म्हणत, आणि ती स्वतःची ओळखही तशीच करून देत असे. रोग्यांना समजावून सांगण्यासाठी तिला काचेची फुप्फुसं हवी होती. दोन जोड्या, एक निरोगी आणि एक आजारी.

निरोगी जोडी मास्तरांना लगेच समजली. एक जाड नळी, तिला फाटे, फाट्यांना फाटे, आणि टोकाला द्राक्षांच्या घोसासारखे बारीक फुगे. आजारी जोडीत काय वेगळं, हे त्यांनी विचारलं.

फुंकाबाई कागदावर रेघा ओढत सांगू लागली. हा फुप्फुसाचा जुनाट आजार, कागदोपत्री सीओपीडी म्हणतात. वर्षानुवर्षं धूर आत गेला की या नळ्या आतून सुजतात, अरुंद होतात, त्यात चिकट कफ साचतो. टोकाच्या फुग्यांच्या मधल्या भिंती विरत जातात आणि चार लहान फुग्यांचा एक मोठा, ढिला फुगा होतो.

"फुगा मोठा झाला तर हवा जास्तच मावेल ना?" मास्तरांनी कारागिराचा प्रश्न विचारला.

"मावते ना. पण बाहेर पडत नाही," बाई म्हणाली. "ढिल्या फुग्याला ताण नसतो, तो हवा परत ढकलत नाही. जुनी हवा आतच बसून राहते, मग नवीन येणार कुठून? माणसाला वाटतं श्वास घेता येत नाही. खरं तर त्याला तो सोडता येत नसतो."

मास्तर लगेच कामाला लागले. वरच्या फळीवरची जाड नळी काढायला स्टुलावर चढले, उतरले, आणि दोन्ही हात टेबलावर टेकून, खांदे वर उचलून उभे राहिले. फुंकाबाई आयुष्यभर अशीच उभी राहिलेली माणसं पाहत आली होती. तिने लेकीकडे पाहिलं. लेक पाठमोरी, बर्नरवर गुंतलेली होती. मग बाई बेताच्या आवाजात म्हणाली, की फुप्फुसं तयार झाली की मास्तरांनी स्वतःच आणून द्यावीत, आणि आल्यासारखं एकदा आपल्या यंत्रातही फुंकून पाहावं. मास्तर हसले. म्हणाले, यंत्र जपून ठेवा, फुटेल बिटेल.

आठवडाभराने ते दोन्ही जोड्या कापसात गुंडाळून इस्पितळात घेऊन गेले. काम असं झालं होतं की फुंकाबाईने आजूबाजूच्या खोल्यांमधल्या लोकांना बोलावून आणून दाखवलं. आजारी जोडीतले फुगे इतके पातळ होते की उजेडाकडे धरले तर दिसत नव्हते. मास्तरांच्या मनात मात्र ती जोडी करताना सारखं काही तरी टोचत राहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर यंत्रात फुंकायला ते बढाई मारायला आले नव्हते. त्यांना एकदाची खात्री करून घ्यायची होती.

बाईने नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. छाती भरून हवा घ्यायची आणि सगळा जोर लावून बाहेर फेकायची, थांबायचं नाही. मास्तरांनी फुंकलं. गाल टम्म फुगले, डोळे बाहेर आले.

"गालांनी नाही, मास्तर. छातीने."

दुसऱ्यांदाही गालच फुगले. बाईने सरळ आपले दोन्ही तळवे त्यांच्या गालांवर दाबून धरले आणि ओरडली, "फुंका, फुंका, अजून, अजून!" मास्तरांनी जीव खाऊन फुंकलं. यंत्राच्या पडद्यावरची रेघ थोडी वर चढली आणि थकलेल्या बैलासारखी आडवी झाली.

तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. लेक कार्यशाळेत आली त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला काय शिकवलं होतं? छातीने फुंकशील तर काच फाटेल, हवा गालात धर, थोडी थोडी सोड, आणि श्वास नाकाने चालू ठेव. काच फुंकायला छाती लागतच नाही! हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार होतं? पंधरा जणांना स्वतःच्या तोंडाने हे शिकवलेला माणूस त्याच तोंडाने आपल्या छातीच्या फुशारक्या मारत राहिला होता, आणि अख्ख्या संस्थेने त्या खऱ्या मानल्या होत्या.

बाईने श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध पंपाने दिलं आणि काही वेळाने पुन्हा फुंकायला लावलं. रेघ जवळजवळ तिथेच राहिली. मग डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो पाहिला, आणि आजाराचं नाव कागदावर लिहिलं. अर्थ मात्र फुंकाबाईनेच समजावला. छातीतून निघणाऱ्या एकूण हवेतली जवळजवळ पाऊण हवा निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. मास्तरांची निम्मीसुद्धा निघत नव्हती.

मास्तरांनी वाद घातला. चुलते नव्वदीपर्यंत ओढत होते, त्यांना काही झालं नाही.

"प्रत्येकाच्या घरात असे एक नव्वदीचे चुलते असतात, मास्तर," बाई शांतपणे म्हणाली. "बाकीचे माझ्याकडे येतात."

ती काही लपवून बोलणारी बाई नव्हती. ओढणाऱ्या प्रत्येकालाच हा आजार होतो असं नाही, हे तिने कबूल केलं. चुलीच्या धुराने, खाणीतल्या धुळीनेही तो होतो, आयुष्यात एकही सिगारेट न ओढलेल्यांनाही होतो. पण सिगारेटइतका मोठा हातभार दुसऱ्या कशाचा नाही, आणि कोणाची छाती वाचेल हे आधी सांगणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

मास्तरांनी टेबलावरची आजारी जोडी बोटाने हळूच फिरवली. "काच बिघडली तर मी परत ज्योतीत धरतो. मऊ होते, सरळ करता येते. याला काय करता तुम्ही?"

"याला ज्योत नाही, मास्तर. गेलं ते गेलं. पण आज सोडलीत तर उरलेलं जातं तो वेग कमी होतो. औषध आहे, व्यायाम आहे, चालाल, फिराल, काम कराल. ओढत राहिलात तर माझं औषध म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणं."

कागद खिशात घालून मास्तर घरी आले, आणि पुढचे दोन दिवस तो कागद खिशातच राहिला. त्यांना आजाराची भीती कमी आणि लाजच जास्त वाटत होती, असं मला वाटतं. भात्यासारख्या छातीचा माणूस म्हणून ज्याची ख्याती, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं की ती ख्याती गालांची होती? आपल्यापैकी कितीतरी जण अशा कागदांची घडी घालून बसलेले असतात. मास्तरही बसले असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक बर्नर बंद करून उठली आणि नेहमीप्रमाणे मागच्या जिन्याकडे गेली. मास्तर तिच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसले. स्टुलाशेजारी तिने नुकतीच केलेली नळी थंड होत होती, सांधा कुठे आहे तेही कळत नव्हतं. एवढा सुंदर सांधा त्यांना स्वतःला तिशीपर्यंत जमला नव्हता. मास्तर उठले.

मागचा जिना सोळा पायऱ्यांचा. वर बंद खिडकीपाशी लेक आणि दोन तरुण रसायनवाले उभे होते. मास्तर पाच पायऱ्या चढले आणि थांबले. इथे बघायला दुकान नव्हतं, आणि असतं तरी आज ते बघणार नव्हते. कठडा धरून, तोंड उघडं टाकून ते सगळ्यांच्या देखत धापा टाकत उभे राहिले. मग आणखी पाच पायऱ्या. लेक खाली धावली, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. सोळा पायऱ्या तीन टप्प्यांत चढून ते वर पोचले तेव्हा तिन्ही तरुण माणसांच्या हातातल्या सिगारेटी नुसत्याच जळत होत्या.

"काडी पेटव," मास्तर लेकीला म्हणाले. "माझ्या तोंडापासून वीतभर लांब धर."

तिने धरली. यंत्रं नव्हती तेव्हा जुने डॉक्टर अशी परीक्षा घ्यायचे, हे फुंकाबाईने निरोप घेताना मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी ओठ न आवळता तोंड मोठं उघडलं आणि फुंकलं. ज्योत जरा वाकली आणि सरळ झाली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लेकीला वाटलं बाबा थट्टा करतायत, ती हसून म्हणाली की ओठ आवळा ना. तेवढ्यात काडी तिच्या बोटांपर्यंत आली आणि तिने ती झटकन टाकली.

"ओठ आवळून विझवीन गं," मास्तर म्हणाले. मधे एक श्वास घेतला. "ओठांची, गालांची करामत आहे माझी. पस्तीस वर्षं तेवढीच होती. आता तू कर. तोंड उघडं ठेव."

त्यांनी दुसरी काडी पेटवून धरली. लेकीने तोंड उघडून फुंकलं. काडी पहिल्याच फुंकरीला विझली.

"तुझी विझते," मास्तर म्हणाले. "अजून विझते. मला काय झालंय विचारलं होतंस ना? हे झालंय." आणि त्यांनी खिशातला कागद तिच्या हातात दिला.

लेकीने कागद वाचला, पुन्हा वाचला. तिने सिगारेट पायाखाली चिरडली आणि बापाचा दंड धरला. दोन रसायनवाले जमिनीकडे बघत उभे होते. त्यातल्या एकाने थोड्या वेळाने नवी काडी मागून घेतली, ती सिगारेटसाठी नव्हे, हे सांगायला नको.

यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. सिगारेट सोडल्यावर मास्तरांचे पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. चिडचिड इतकी, की मास्तरीणबाईंनासुद्धा तोंड उघडावं लागलं. तोंड रिकामं राहवेना म्हणून ते नुसतीच रबरी नळी चावत संस्थेभर हिंडायचे. लेक पहिल्या महिन्यात दोनदा घसरली, आणि दोन्ही वेळा घरी येऊन तिने स्वतःच सांगितलं. इस्पितळात ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला शिकवतात, जिना चढताना त्याचा फार उपयोग होतो. त्यात मास्तर पहिल्याच दिवशी पहिले आले आणि आता इतर रोग्यांना तेच शिकवतात. फुप्फुसं परत आली नाहीत, ती येणार नव्हतीच. पण बर्नरवरचं त्यांचं काम सुटलं नाही.

तीन महिन्यांनी फुंकाबाईने लेकीची तपासणी केली. रेघ सरसर वर गेली आणि वरच राहिली. आकडे अगदी व्यवस्थित आले. स्वतःचा कागद पाहून ज्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो लेकीचा कागद हातात घेऊन त्या खोलीत ओक्साबोक्शी रडला. फुंकाबाईने त्यांना रडू दिलं.

मला या माणसाच्या हातांचं कौतुक पूर्वीपासून होतं. पण दोन लिटरचा चंबू फुगवणं एक वेळ सोपं. ज्यांनी आपल्याला पहिलवान मानलं त्यांच्यासमोर सोळा पायऱ्या धापा टाकत चढून जाणं, त्याला खरी छाती लागते. अजूनही संस्थेत कुणी नवखा सिगारेट शिलगावताना मास्तरांचा दाखला देऊ लागला, तर मास्तर त्याला म्हणतात, "चल, वरच्या मजल्यावर जाऊन बोलू," आणि त्याच्यासोबत जिना चढू लागतात. चौथ्या-पाचव्या पायरीला त्या पोराला काही सांगावं लागत नाही.

वाचकहो, तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, आयुष्यभर ओढून ठणठणीत दिसणारा. त्याच्याकडे बोट दाखवून आपण पुढची सिगारेट पेटवतो, आणि आपल्याकडे बोट दाखवून आपली पोरं पहिली पेटवतात. तो माणूस बसलेला असताना त्याचं कौतुक करू नका. त्याच्याबरोबर एक जिना चढा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर तोंड उघडं ठेवून एकदा काडी विझवून पाहा. विझली तर त्याच फुंकरीवर सिगारेट सोडा. नाही विझली तरी आजच सोडा, छाती तपासून घ्या, आणि जे निघेल ते आधी घरातल्या पोरांना सांगा.